ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर: घटक, कारक की नियामक?

प्रश्न असा आहे: ल्युकेमियावरच्या (रक्ताच्या कर्करोगावरच्या) एका मराठी माहितीपत्रकात 'ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर'ला एका पानावर 'प्रतिलेखन घटक' म्हटलंय, पुढच्या पानावर 'प्रतिलेखन कारक'. दोन्ही एकच का? आणि बरोबर कोणता?

वस्तू एकच. पण ल्युकेमियाबद्दल लिहिताना मी दोन्ही शब्द टाळेन.

'प्रतिलेखन' उत्तम आहे. डीएनएतल्या मजकुराची आरएनएच्या रूपात प्रत काढायची, हे शब्दातच दिसतं. अडचण 'फॅक्टर'ची. गणितात आपण त्याचे 'अवयव' पाडतो, रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना 'घटक' म्हणतो. घटक म्हणजे ज्यांची मिळून एखादी गोष्ट बनते ते. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर ही प्रथिनं तर निघालेल्या प्रतीत कुठेच नसतात. ती डीएनएवर ठरावीक जागी बसतात आणि कुठल्या जनुकाची प्रत काढायची, कधी आणि किती, हे ठरवतात.

'कारक' व्युत्पत्तीने चपखल बसतो. लॅटिन 'फॅक्टर' म्हणजे करणारा, आणि 'कृ' धातूपासून आलेला कारकही तोच. पण आज रोगाच्या शेजारी 'कारक' आला की कानाला 'रोगकारक' ऐकू येतं. 'ल्युकेमियातील प्रतिलेखन कारक' असं वाचलं की रुग्णाच्या आईला वाटणार, हेच ते रोग आणणारे. खरं तर हीच प्रथिनं रक्त घडवतात. त्यांतलं 'रंक्स-१' हे प्रथिन नसलेले उंदीर गर्भातच मरतात, कारण त्यांच्यात कायमस्वरूपी रक्तनिर्मिती सुरूच होत नाही. ल्युकेमियाच्या एका प्रकारात ८ आणि २१ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन रंक्स-१ चं जनुक भलत्याच जनुकाला जोडलं जातं, आणि रक्तपेशी प्रौढ होण्याला खीळ बसते.

तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात हे आणखी स्पष्ट दिसतं. तिथे अदलाबदल १५ आणि १७ या गुणसूत्रांत होते. 'अ' जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनॉइक आम्लाचा इशारा ओळखणारं एक प्रथिन 'पीएमएल' या दुसऱ्या प्रथिनाला चिकटतं. हे जोडप्रथिन डीएनएवर बसतं, पण नेहमीच्या इशाऱ्याला दाद देत नाही. प्रौढ होण्यासाठी लागणारी जनुकं बंद राहतात आणि पेशी अर्धवट वयातच साचत जातात. शांघायच्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये अशा २४ रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. त्यांनी रुग्णांना रेटिनॉइक आम्लाचाच एक प्रकार मोठ्या मात्रेत दिला होता. पेशी मारल्या गेल्या नाहीत, त्या प्रौढ झाल्या! पुढे या औषधाच्या जोडीला आर्सेनिक ट्रायऑक्साइड आलं. म्हणजे आपला सोमल, जो मराठी घरांत विष म्हणूनच ठाऊक. आज या प्रकारातले बहुतेक रुग्ण बरे होतात.

हे सगळं सांगायला मला 'नियामक' हाच शब्द योग्य वाटतो. नियामक बिघडू शकतो, त्याचा आवाज दाबला जाऊ शकतो, आणि त्याला पुन्हा कामाला लावताही येतं. घटकाबद्दल असं बोलता येत नाही. 'नियामक जनुक' हा शब्द आधीच रूढ आहे, म्हणून गोंधळ नको तर 'प्रतिलेखन-नियामक प्रथिन' असं पूर्ण लिहावं. माहितीपत्रकात पहिल्यांदा येताना मात्र 'ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, म्हणजे प्रतिलेखन-नियामक प्रथिन' असं दोन्ही द्या, कारण डॉक्टरांच्या तोंडून घरच्यांच्या कानावर इंग्रजी शब्दच पडणार आहे.