ढकलाढकली करणाऱ्या मुलासाठी चित्रपुस्तकं

तुमचा साडेतीन वर्षांचा मुलगा बालवाडीत खेळणी ओढून घेतो, मुलांना ढकलतो, म्हणून ‘मिळूनमिसळून राहायला शिकवणारी’ चित्रपुस्तकं विचारली आहेत. मी बरीच वर्षं बालवाडीतल्या मुलांना गोष्टी वाचून दाखवते आहे, त्यावरून सांगते.

शेवटच्या पानावर ‘म्हणून सर्वांशी प्रेमाने वागावे’ असं छापलेलं असेल तर ते पुस्तक घेऊ नका. या वयात मुलाला उपदेशापेक्षा राग ओळखता येणं जास्त गरजेचं असतं. त्यासाठी मॉरिस सेंडाक यांचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ (१९६३) मला फार मोलाचं वाटतं. लांडग्याचा पोशाख घालून मॅक्स घरभर धिंगाणा घालतो आणि आई त्याला उपाशीच झोपायला पाठवते. मग तो कल्पनेतच अक्राळविक्राळ प्राण्यांच्या बेटावर जातो आणि त्यांच्याबरोबर दंगा करतो. सुरुवातीची चित्रं लहानशी आहेत. पुढे ती पानभर पसरत जातात आणि दंगा ऐन भरात आला की सलग तीन जोडपानांवर एकही शब्द नाही. तिथे तुम्हीही गप्प बसा, त्याला हवा तेवढा वेळ बघू द्या. मॅक्स परत येतो तेव्हा खोलीत जेवण ठेवलेलं असतं, अजून गरम. आईनं माफ केलं असं कुठेही लिहिलेलं नाही, तरी मुलांना ते बरोबर कळतं.

मार्कस फिस्टर यांचं ‘रेनबो फिश’ (१९९२) तुम्हाला बरेच जण सुचवतील. चित्रं सुंदर आहेत, पण गोष्ट मला पटत नाही. मासा अंगावरचे चमचमते खवले वाटून टाकतो, स्वतःकडे एकच ठेवतो, तेव्हा कुठे त्याला मित्र मिळतात. वाटून खेळणं वेगळं आणि आपण इतरांना आवडावं म्हणून अंगावरचं काढून देणं वेगळं.

मराठीत माधुरी पुरंदरे यांचा ‘राधाचं घर’ हा संच (ज्योत्स्ना प्रकाशन) जरूर आणा. छोटी राधा घरातल्या एकेका माणसाची ओळख करून देते. भांडणाबद्दल त्यात काही नाही, पण दुसऱ्या माणसाकडे बारकाईनं बघायची सवय इथूनच लागते. पैसे खर्च करायचे नसतील तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात.

आता वाचण्याबद्दल. शाळेतून तक्रार आली त्याच संध्याकाळी असलं पुस्तक काढू नका, आणि ‘बघ, तुझ्यासारखाच’ हे तर अजिबात म्हणू नका. पुस्तक म्हणजे शिक्षा असं त्याच्या मनात बसेल. चित्रात कोपऱ्यात बसलेल्या मुलावर बोट ठेवून नुसतं विचारा, ‘हा असा का बरं बसलाय?’ ‘त्याला शू आलीय’ असं उत्तर आलं तरी चालेल. तो दुसऱ्याचा विचार करतोय ना!

आणि बाईंना विचारा, तो नेमका कधी ढकलतो. पुष्कळदा हवं ते मागायला शब्द सुचत नाहीत म्हणून हात पुढे येतो. ‘तुझं झालं की मला दे’ हे वाक्य घरी बाहुल्या, गाड्या घेऊन खेळता खेळता त्याच्या तोंडी बसवा.