पहिला टॅटू काढण्याआधी: अक्षरांचा आकार, त्वचा आणि सुई धरणारा हात

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मनगटाच्या आतल्या बाजूला आईच्या हस्ताक्षरातली एक ओळ गोंदवायची आहे, अक्षरं काळ्या शाईत आणि जमतील तेवढी बारीक हवीत, मित्र पुढच्या आठवड्यात ओळखीच्या एकाकडे नेणार आहे आणि त्यानंतर दहा दिवसांनी समुद्रावर सहल आहे. कल्पना मनापासून आवडली. आईचं अक्षर आयुष्यभर सोबत असावं असं वाटणं मला पूर्ण पटतं, त्यामुळे 'नंतर पस्तावाल' वगैरे मी म्हणणार नाही. पण अक्षरं मोठी करा आणि तारीख पुढे ढकला, हे दोन्ही आग्रहाने सांगते.

आधी अक्षरांचं. सुई शाई सोडते ती वरच्या कातडीत नाही, साधारण एक ते दोन मिलिमीटर खालच्या थरात. वरचा थर महिना-दीड महिन्यात झडून नवा येतो, खालचा तसा झडत नाही, म्हणून टॅटू टिकतो. तिथे शरीरातल्या संरक्षक पेशी शाईचे कण गिळून बसतात. त्या मेल्या की नव्या पेशी तेच कण पुन्हा उचलतात. वर्षं जातात तशी रेघ थोडी जाड होते, तिच्या कडा मऊ होतात, टीपकागदावर शाई पसरावी तशा. देवनागरीला याचा फटका जास्त बसतो. 'म' आणि 'भ' यांची गाठ, 'घ' आणि 'ध' यांचे वळसे, 'ष'च्या पोटातली रेघ, या सगळ्यांचं सौंदर्य आतल्या मोकळ्या जागेत असतं, आणि आधी बुजते ती हीच जागा. शिरोरेषेला खेटून दिलेला अनुस्वार काही वर्षांनी रेघेचाच भाग वाटू लागतो.

म्हणून आर्टिस्टकडे कालच काढलेल्या टॅटूचे फोटो बघू नका, ताजा टॅटू सगळ्यांचाच सुबक दिसतो. याच आकाराची अक्षरं बरी झाल्यावर आणि तीन-चार वर्षांनी कशी दिसतात, ते फोटो मागा. नसतील तर थांबा. ओळ मनगटात मावत नसेल तर शब्द कमी करा किंवा कोपराच्या दिशेने थोडी वर घ्या. तळव्याला लागून असलेल्या घड्यांवर तर नकोच, तिथे शाई नीट धरत नाही. ओळीची खऱ्या मापाची प्रिंट काढून मनगटावर चिकटवा, हात सरळ ठेवून आणि वळवून बघा. स्टेन्सिल, म्हणजे गोंदवण्याआधी त्वचेवर उमटवलेला कच्चा आराखडा, लागल्यावर स्वतः अक्षर न् अक्षर वाचा. आर्टिस्टला लिपी येत नसेल तर त्याच्या दृष्टीने ते नुसतं चित्र असतं, एखादी वेलांटी सुटली तर त्याला कळणारही नाही.

आता त्वचेचं, कारण तुम्ही याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. जुन्या जखमेचा किंवा कान टोचल्याचा व्रण फुगून वर आला आहे का? तशी प्रवृत्ती असेल तर सुईच्या जखमेवरही तसाच जाड व्रण उठू शकतो, विशेषतः छाती आणि खांद्यावर. सोरायसिस किंवा कोड असेल तर टोचलेल्या जागी नवा चट्टा येऊ शकतो. मधुमेह, रक्त पातळ करणारं औषध, मुरुमांसाठी चालू असलेलं आयसोट्रेटिनॉइन, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांशी बोलूनच तारीख घ्या, आणि औषध मनाने बंद करू नका. गरोदरपणात थांबलेलं बरं. तिळावर गोंदवू नका, कारण पुढे त्या तिळाचा रंग किंवा आकार बदलला तर तो दिसणार नाही. तुम्हाला काळी शाईच हवी आहे हे चांगलं. ॲलर्जीच्या तक्रारी लाल रंगाने सर्वांत जास्त होतात, आणि त्या कधीकधी महिन्यांनी, वर्षांनीही उद्भवतात. त्यामुळे आधी लावून पाहिलेला छोटा ठिपका निभावला म्हणून पूर्ण निर्धास्त होता येत नाही.

आणि मित्राच्या ओळखीचा तो. ओळख ही पात्रता नाही. टॅटू काढायच्या दिवसाआधी एकदा नुसतं जाऊन बसा आणि त्याचे हात बघा. सुईच्या कार्ट्रिजचं (मशीनला लावायच्या, सुई बसवलेल्या नळीचं) बंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे, त्यावरची मुदत वाचा. शाई बाटलीतून छोट्या टोपणांत ओतलेली हवी, उरलेली परत बाटलीत जाता कामा नये. मशीन आणि तिची वायर प्लॅस्टिकने गुंडाळलेली असावी, वापरलेल्या सुयांसाठी जाड भिंतीचा वेगळा डबा असावा. पुन्हा वापरायची धातूची ग्रिप, म्हणजे मशीनची मूठ, असेल तर ती ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत, निर्जंतुक झालेली हवी, नुसतं स्पिरिटने पुसणं पुरत नाही. माझं सगळ्यांत जास्त लक्ष असतं ते मोबाइलकडे. काम चालू असताना फोन वाजतो, हातमोजे घातलेल्या हाताने तो उचलला जातो आणि तोच हात पुन्हा जखमेवर येतो. मोजे न बदलता असं झालेलं दिसलं, तर तिथून उठायचं, भिडेखातर बसून राहायचं नाही.

हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही दूषित सुईतून पसरू शकतात. यांपैकी बी ची लस आहे, घेतली नसेल तर डॉक्टरांना विचारून आधी घ्या. सी ची लस नाही. शाई पातळ करायला नळाचं पाणी वापरत असतील तर सरळ नकार द्या. आणि शाईच दूषित असेल तर स्वच्छ सुईही वाचवत नाही: २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात तयार करड्या शाईतल्या जंतूंमुळे अनेकांच्या टॅटूवर हट्टी पुरळ उठलं होतं. म्हणून शाई कोणत्या कंपनीची, कुठल्या बॅचची, हे लिहून घ्या.

सहल आधी उरका, टॅटू नंतर. नवा टॅटू ही उघडी जखम असते आणि वरून भरायलाच दोन ते चार आठवडे लागतात. तोवर समुद्र, तलाव, स्विमिंग पूल काही नाही. समुद्राच्या पाण्यातल्या काही जंतूंचा संसर्ग जिवावर बेतू शकतो, यकृताचा आजार असेल तर धोका आणखी वाढतो. उन्हात त्वचा भाजून आली तर ती पूर्ण निवळेपर्यंत आर्टिस्टकडे जाऊ नका. टॅटू काढल्यानंतर हलक्या साबणाने धुणं, पातळ थर मलम आणि खपली न खरवडणं एवढं पुरतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर लाली पसरत गेली, पू आला किंवा ताप आला तर आर्टिस्टला फोटो पाठवत बसू नका, डॉक्टर गाठा.

'नको वाटला तर लेझर आहेच' या भरवशावर काढू नका. काळी शाई लेझरला त्यातल्या त्यात बरी दाद देते, पण मध्ये काही आठवडे सोडून बऱ्याच बैठका लागतात आणि सावळ्या त्वचेवर डाग राहू शकतो. गणवेशाच्या नोकरीचा विचार असेल तर दिसणाऱ्या टॅटूबद्दलचे भरतीचे नियम आधी वाचा, मनगट कायम झाकून ठेवता येत नाही. दुखण्याची काळजी करू नका, एका ओळीचं दुखणं सोसण्याजोगं असतं. आणि रक्तदान करत असाल तर टॅटूनंतर बऱ्याच ठिकाणी काही महिन्यांपासून वर्षभरापर्यंत रक्त घेत नाहीत, तेव्हा आधी रक्त देऊन या.