रिकर्शनमध्ये आपण कितव्या पातळीवर आहोत हे फंक्शनला कसं कळेल?

तुमचं पीएचपी फंक्शन कॅटेगरीखालच्या उपकॅटेगऱ्या छापायला स्वतःलाच कॉल करतं (हेच रिकर्शन), आणि पातळी मोजायला स्टॅटिक व्हेरिएबल, म्हणजे कॉल संपल्यावरही आपली किंमत टिकवून ठेवणारं व्हेरिएबल, घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत : नको. पातळी हा फंक्शनचा शेवटचा पॅरामीटर करा, त्याची डीफॉल्ट किंमत ० ठेवा आणि आतल्या कॉलला 'पातळी + १' द्या. बाहेरून कॉल करणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही.

इथे 'अधिक एक'च लिहा, 'प्लस प्लस' नको. मी त्यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. लूपमध्ये प्लस प्लस केलं की फंक्शनची स्वतःचीच पातळी वाढत जाते. मग एकाच बापाची चार पोरं एका रेषेत न येता जिन्यासारखी उजवीकडे सरकत जातात. मी बिचाऱ्या सीएसएसलाच दोष देत बसलो होतो.

स्टॅटिकचं दुखणं वेगळं. आत शिरताना एक वाढवायचा आणि बाहेर पडताना एक कमी करायचा, इतकं साधं वाटतं. पण मध्येच एखादा रिटर्न किंवा एक्सेप्शन आला की कमी करायचं राहून जातं. वरचा मेनू नीट छापला जातो, आणि त्याच पानावरचा फूटरचा मेनू थेट दुसऱ्या पातळीपासून सुरू होतो. स्टॅटिकच हवा असेल तर कमी करण्याची ओळ फायनलीमध्ये (रिटर्न किंवा एक्सेप्शन आला तरी चालणाऱ्या भागात) टाका. डीबग बॅकट्रेस, म्हणजे इथवर आलेल्या कॉल्सची यादी, घेऊन पातळी मोजणं मात्र सोडा. त्यात वरची सगळी फंक्शन्सही येतात आणि ते हळूही चालतं.

पातळी हाताशी आहेच, तर मर्यादाही घाला. माझ्याकडे एका साइटवर कुणीतरी दोन कॅटेगऱ्यांना एकमेकींचं पालक करून ठेवलं होतं. पीएचपी ७ पासून असं चक्र सहसा मेमरी संपल्याच्या एररवर थांबतं, त्यामुळे माणूस मेमरी लिमिट वाढवत बसतो. एक्सडीबग (पीएचपीतल्या चुका शोधायचं एक्स्टेन्शन) चालू असेल तर तो आधीच अडवतो (पुष्कळ वर्षं त्याची मर्यादा एकात एक २५६ कॉल्सची होती), पण लाइव्ह सर्व्हरवर तो सहसा नसतो. मेनूला २० पातळ्या पुरे. त्यापुढे गेलं की मी कॅटेगरीचा आयडी लॉगमध्ये लिहून परत फिरतो. तो आयडी पाहिला की चक्र कुठे आहे ते लगेच सापडतं.