काटा उतरला म्हणजे चरबी उतरली का?

लग्नसराई तोंडावर आली की वजनाच्या प्रश्नांचा नुसता पाऊस पडतो, यावेळी पण तेच. त्यातले चार घेतलेत, नावं कुणाचीच देत नाही, फक्त कोल्हापुरातली पेठ नाहीतर भाग देतोय.

प्रश्न: ताई, माझं वय 34, वजन 78 किलो. नणंदेचं लग्न दीड महिन्यावर आलंय. आमच्या अपार्टमेंटमधल्या एक काकू वजन कमी करायचा ग्रुप चालवतात, 15 दिवसांत 10 किलो गॅरंटी, डाएट नाही व्यायाम नाही, सकाळ-संध्याकाळ शेक, रात्री एक हर्बल चहा आणि पोटाला बेल्ट, सगळे मिळून 9 हजार. मिस्टर म्हणतात फसवतायत. पण काकूंच्या सुनेचं पहिल्या आठवड्यात 4 किलो उतरलेलं मी स्वतः काट्यावर बघितलंय, मग खोटं कसं म्हणायचं? (राजारामपुरी)

उत्तर: काट्यावर बघितलं ते खरंच असणार, त्यात वाद नाही. आणि हीच तर या धंद्याची खरी गंमत आहे, काटा खाली आणणं अवघड नाहीच मुळी, अवघड आहे ते चरबी खाली आणणं, आणि जाहिरातीत दोन्ही एकच असल्यासारखं दाखवतात.

होतं काय बघा. आपलं शरीर लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये थोडी साखर साठवून ठेवतं, ग्लायकोजेन म्हणतात त्याला, साधारण 400-500 ग्रॅम. आणि दर ग्रॅमला जवळपास 3 ग्रॅम पाणी चिकटून असतं. भात-भाकरी बंद करून शेकवर राहिलं की पहिल्या काही दिवसांत हा साठा रिकामा होतो, पाण्यासकट, म्हणजे दीड-दोन किलो इथंच गेले. त्यात लोणचं, पापड, कटाचा रस्सा बंद झाला म्हणजे मीठ कमी, मग अजून थोडं पाणी बाहेर. पोटात अन्नच कमी तर आतड्यातलं वजन पण कमी. आणि तो रात्रीचा चहा, पाकिटामागं बारीक अक्षरात सोनामुखी लिहिलंय का जरा बघा, बऱ्याच स्लिमिंग चहात ती असते आणि तिचं काम जुलाबाचं, चरबीशी तिचा काही संबंध नाही. बेल्टखाली घाम येतो, दोन ग्लास पाणी प्यायलं की तो भरून निघतो. असे 4 किलो एका आठवड्यात सहज उतरतात आणि लग्नाच्या पंगतीत दोन दिवस नीट जेवलं की बरेचसे परत येतात, मग काकू म्हणणार तुम्हीच पथ्य पाळलं नाही, दुसरं पॅकेज घ्या.

आता तुम्ही स्वतःच हिशेब करा, मोबाईलचा कॅल्क्युलेटर पुरेल. शरीरातली 1 किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. 10 किलो म्हणजे 77,000. 15 दिवसांनी भागा, रोजच्या 5,000 च्या वर जातात. तुमच्या वजनाच्या, घरकाम-नोकरी करणाऱ्या बाईचं शरीर अख्ख्या दिवसात खर्च करतं अंदाजे 1900-2000. म्हणजे तुम्ही 15 दिवस एक घास सुद्धा खाल्ला नाही, नुसत्या पाण्यावर राहिलात, तरी 4 किलो चरबी सुद्धा जळत नाही. 10 किलो कुठून आणणार त्या काकू? आणि "डाएट नाही" म्हणतात ते तर लईच भारी, दोन वेळचं जेवण काढून घेतलं आणि शेक हातात दिला तर त्याला डाएट नाही तर काय म्हणायचं!

आणि घाईघाईत खरंच पोट मारलं तर पाण्यापाठोपाठ स्नायू पण जातात. दोन-तीन महिन्यांनी केस मूठ-मूठ गळायला लागतात, तेव्हा पॅकेज विसरलेलं असतं म्हणून बायका शाम्पू बदलत बसतात. झपाट्यानं वजन उतरवणाऱ्यांना पित्ताशयात खडे व्हायचा धोका पण वाढतो, ऑपरेशनपर्यंत जातं कधी कधी.

आठवड्याला अर्धा ते एक किलो, हा वेग डॉक्टर लोक ठीक मानतात. दीड महिन्यात तुमचे 3-4 किलो व्यवस्थित उतरतील, आणि त्यात पाणी कमी, चरबी जास्त असेल. ताटात भाकरी एक कमी, उसळ-आमटी-दही-अंडं जास्त, चहा बिनसाखरेचा, रात्रीचं जेवण लवकर, आणि रंकाळ्याला रोज पाऊण तास चालायचं, ते पण दमानं नाही, झपाझप (चालून झाल्यावर चौपाटीवरची भेळ खायची नाही, ते वेगळं सांगायला नको). ब्लाऊज मात्र आत्ताच शिवायला टाका आणि टेलरला आत माया जरा जास्त ठेवायला सांगा. 9 हजारांत साडी चांगली येते.

प्रश्न: माझा मुलगा 17 वर्षांचा, तालमीत आहे. स्पर्धेच्या आधी दोन दिवसांत 3 किलो उतरवतो, पाणी बंद करतो, जर्किनवर जर्किन घालून पळतो. वस्ताद म्हणतात सगळेच करतात. माझे दोन प्रश्न, एक म्हणजे हे बरं आहे का, आणि त्याला जमतं तर आमच्यासारख्याला का जमू नये? माझं पोट 42 इंच आहे. (शिवाजी पेठ)

उत्तर: दुसऱ्याचं आधी. त्याचं उतरतं ते निव्वळ पाणी, वजन देऊन झालं की तो पाणी पितो, जेवतो आणि लगेच परत वर जातो, त्याला पण तेच हवं असतं. त्यात चरबी तोळाभर पण जात नाही म्हटलं तरी चालेल. तुमच्या 42 इंचाला त्याचा उपयोग शून्य. आपल्याकडच्या पुरुषांना कंबर 90 सेंटीमीटरच्या आत, म्हणजे साडेपस्तीस इंच, असं धरतात, तेव्हा तुम्ही शुगर-बीपी एकदा तपासून घ्याच.

आता पोराचं. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगट 50 किलो गटात फायनलला पोचली आणि 7 ऑगस्टला सकाळी 100 ग्रॅम जास्त भरली म्हणून बाद झाली, ते सगळ्या कोल्हापूरनं हळहळत टीव्हीवर बघितलंय. रात्रभर झोप नाही, अन्न-पाणी नाही, घाम काढला, केस सुद्धा कापले, तरी शेवटचे 100 ग्रॅम काही उतरले नाहीत. जगातली सगळ्यात तयारीची पैलवान, सोबत डॉक्टर, कोच, डाएटिशियन, आणि शरीरानं एका ठिकाणी नाही म्हणून सांगितलं. अमेरिकेत 1997 साली अवघ्या महिनाभरात तीन कॉलेजचे कुस्तीगीर असंच वजन तोडताना, गरम कपडे घालून व्यायाम करताना गेले, त्यानंतर तिथले नियम बदलले. पाणी तोडून घाम काढला की रक्त घट्ट होतं, शरीराला तापमान सांभाळता येत नाही, हृदयाचे ठोके बिघडतात.

17 व्या वर्षी पोराची उंची-हाडं अजून वाढतायत. वस्तादांशी भांडू नका, त्यांचा मान ठेवूनच बोला, पण वरच्या गटात खेळवता येईल का ते विचारा. वजन हळूहळू दोन-तीन महिने आधीपासून आणायचं असेल तर वेगळी गोष्ट. पाणी बंद करणं मात्र आजपासून बंद. खुराक, थंडाई, गंगावेशेतलं धारोष्ण दूध हे सगळं करून शेवटच्या दोन दिवसांत त्यालाच उन्हात सुकवायचं, हे मला तरी कधी पटलेलं नाही.

प्रश्न: वय 46, बीपीची गोळी चालू आहे. कुरिअरनं कॅप्सूल मागवल्या, शंभर टक्के आयुर्वेदिक, साईड इफेक्ट नाही असं डबीवर लिहिलंय. तीन आठवड्यांत 5 किलो गेले, भूकच लागत नाही. फक्त तोंडाला कोरड पडते, झोप लागत नाही आणि छातीत धडधडतं. चालू ठेवू का? (कसबा बावडा)

उत्तर: नाही. आज बंद करा आणि उद्या नाही, आजच तुमच्या डॉक्टरांकडं जा, डबी सोबत घेऊन. बीपीची गोळी मात्र आपल्या मनानं सोडू नका.

त्या डबीत काय आहे हे इथं बसून मी सांगू शकत नाही, पण तुमची लक्षणं वाचून मला एक नाव लगेच आठवलं. सिब्युट्रामीन नावाचं भूक मारणारं औषध होतं, त्यानं बीपी आणि नाडी वाढते, हृदयविकार असलेल्यांत हार्ट अटॅक-लकव्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं म्हणून 2010 साली युरोप-अमेरिकेत ते बाजारातून काढलं आणि 2011 मध्ये आपल्याकडं बंदी आली. तेव्हापासून ते गुपचूप "हर्बल" कॅप्सूलमध्ये मिसळलेलं जगभर सापडत आलंय. कोरडं तोंड, झोप उडणं, धडधड, भूक गायब, ही त्याचीच लक्षणं. झाडपाल्यानं भूक एवढी कडकडीत बंद होत असेल तर शंका यायलाच पाहिजे.

आणि लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायलाच 1954 च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानं मनाई आहे, त्या कायद्याच्या यादीत लठ्ठपणा स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे ज्यानं गॅरंटीची जाहिरात दिली त्यानं पहिला नियम तिथंच मोडला. पावती, पाकीट, कुरिअरची चिठ्ठी काही टाकू नका. औषधाबद्दलची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडं, पैशाची आणि जाहिरातीची ग्राहक हेल्पलाईनला, नंबर 1915.

प्रश्न: ते नवीन इंजेक्शन आलंय म्हणे, मोठे लोक घेतात. पार्लरमध्ये देतात, महिन्यात बारीक. घेऊ का? (ताराबाई पार्क)

उत्तर: पार्लरमध्ये अजिबात नाही. औषध खरं आहे, सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड, टिर्झेपेटाइड भारतात मार्च 2025 पासून मिळतंय. पण चाचण्यांतले आकडे बघा, सेमाग्लुटाइडवर सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं ते 68 आठवड्यांत, टिर्झेपेटाइडच्या मोठ्या डोसवर 20 टक्के, 72 आठवड्यांत. सोबत खाणं-चालणं सांभाळून. आजच्या घडीला सगळ्यात दमदार म्हणावं असं औषध सव्वा वर्षाच्या वर वेळ घेतं, तर महिन्यात बारीक करणारी पार्लरवाली नक्की काय टोचतेय हे विचारा तिला. बंद केलं की बऱ्याच जणांचं वजन परत चढतं, मळमळ-उलटीचा त्रास होतो, काहींना थायरॉइडच्या ठरावीक प्रकारच्या कॅन्सरमुळं किंवा स्वादुपिंडाच्या जुन्या दुखण्यामुळं चालतच नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नाही. घ्यायचंच असेल तर मधुमेहाच्या किंवा हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवा, रक्ताच्या तपासण्या करा, आणि दर महिन्याचा खर्च किती वर्षं झेपेल ते आधी घरात बोलून घ्या.