कोणती वायर काढली होती?

प्रश्न : रामदासपेठेत आमचं २० खाटांचं हॉस्पिटल आहे, रिसेप्शन मी सांभाळते. दीड वर्षापूर्वी फोन इंटरनेटवर घेतले. जुनं ईपीएबीएक्स, म्हणजे हॉस्पिटलातले फोन जोडणारं यंत्र, तसंच ठेवून त्याला गेटवे जोडला, म्हणजे ते फोन इंटरनेटवर नेणारा डबा. फोन फायबरवरून एसआयपी ट्रंकने, म्हणजे फोन कंपनीच्या इंटरनेटवरच्या लाइनने, जातात आणि बॅकअप म्हणून तांब्याची जुनी लँडलाइनही गेटवेला दिली आहे. बसवणाऱ्याने वायर काढून दाखवलं, फोन लगेच लँडलाइनवरून लागला. पण मागच्या महिन्यात समोरचा रस्ता खोदताना फायबर तुटली, तेव्हा कुठलाही नंबर फिरवला की रिसीव्हरमध्ये नुसती शांतता. लँडलाइनला टोन होता. रक्तपेढीला शेवटी नर्सच्या मोबाइलवरून फोन करावा लागला. असं का झालं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, त्या दिवशी बसवणाऱ्याने कोणती वायर काढली होती, ते आठवून पाहा. बहुधा गेटवेच्या मागची लॅनची, म्हणजे राउटरकडे जाणारी. ती काढली की गेटवेचा पोर्टच बंद पडतो, बाहेर जायला वाट नाही हे त्याला तिथल्या तिथे कळतं आणि तो लँडलाइन धरतो. फायबर रस्त्यावर तुटते तेव्हा मात्र राउटरपर्यंतची वायर शाबूत असते, दिवा हिरवाच असतो. गेटवेला काही झालंय याचा पत्ताच नसतो.

मग तो फोन लावायचा निरोप, म्हणजे इनव्हाइट, कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो. उत्तर नाही. अर्ध्या सेकंदाने पुन्हा पाठवतो, मग एका सेकंदाने, मग दोन, चार, आठ, सोळा. एसआयपीच्या २००२ सालच्या मानकातच हा हिशेब आहे : अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद वाट पाहायची आणि मगच नाद सोडायचा. तुम्हाला ऐकू आली ती शांतता हीच. पेशंट समोर असताना ३२ सेकंद रिसीव्हर धरून कोण थांबेल? तुम्ही ठेवला, पुन्हा फिरवला, त्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. लँडलाइनची पाळी आलीच नाही. रक्तपेढीचा फोन अडला हे वाचून मला फार वाईट वाटलं.

यावर दोन कामं करून घ्या. पहिलं, ट्रंकवर ऑप्शन्स पिंग चालू करा. गेटवे दर ३० सेकंदांनी सर्व्हरला हाक मारतो. लागोपाठ दोनदा ओ आली नाही की ट्रंक बंद धरून पुढचे फोन थेट लँडलाइनवर. दुसरं, त्या मधल्या मिनिटभरासाठी इनव्हाइटचे पुनर्प्रयत्न सहावरून दोनावर आणा. मग साडेतीन सेकंदांत फोन वळतो. वळवायचा कधी, हेही नीट सांगा : सर्व्हरच्या उत्तराचा आकडा ५०३ (सेवा बंद) किंवा ४०८ (वेळ संपली) आला तर वळवा, ४८६ आला तर नाही. ४८६ म्हणजे समोरचा बिझी, तो लँडलाइनवरूनही बिझीच असणार. गेटवे सिस्को कंपनीचा असेल तर ट्रंक आणि लँडलाइन या दोन वाटांचे पसंतीचे आकडे तपासा. ० म्हणजे पहिली पसंती, आणि न भरल्यास दोन्ही वाटांना ० च राहतं, मग आधी ट्रंक धरायची हे त्याला कळत नाही.

आता नंबरांचं. इथे बरेच बॅकअप फसतात. ट्रंकवर नंबर बहुधा +९१ लावून जातो, तो लँडलाइनला चालत नाही. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी ० लावावा लागतो. नागपूरच्याच लँडलाइनला ०७१२ काढून उरलेले सात आकडे पाठवायचे. ० लावायचा नियम ६ ते ९ ने सुरू होणाऱ्या दहा आकड्यांपुरताच लिहा. १०८ आणि ११२ ला त्याने हात लावता कामा नये. आणि गेटवेला टोन आल्यावर क्षणभर थांबून आकडे फिरवायला लावा, नाहीतर पहिला आकडा गिळला जातो.

येणारे फोन तुमच्या गेटवेच्या हातात नाहीत. फायबर तुटली की ते कंपनीच्या सर्व्हरवरच अडतात. ट्रंक पोहोचत नसेल तर लँडलाइनवर पाठवा, अशी सोय कंपनीकडूनच करून घ्या, आणि लेखी घ्या.

लँडलाइन तांब्याची आहे ती जपा, स्वस्त मिळतंय म्हणून दुसरी फायबर घेऊ नका. कळमना मार्केटमध्ये एका संत्रा व्यापाऱ्याला मी दोन कंपन्यांच्या दोन फायबर घ्यायला लावल्या होत्या. दोन्ही एकाच खांबावरून आल्या होत्या आणि एका ट्रकने दोन्ही नेल्या. ऐन हंगामात त्याचा माल गाडीत चढून उभा राहिला. ती चूक माझी होती, तेव्हापासून मी आधी गल्लीत फिरून केबल कुठून येते ते बघतो. वीज जाते तेव्हा तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट मिळत राहतात, पण गेटवे आणि ईपीएबीएक्सला यूपीएस लागतो. लँडलाइनवर एक साधा फोन कॅज्युअल्टीत समांतर लावून ठेवा.

हे झालं की रविवारी दुपारी, गर्दी नसताना, फायबरच्या डब्यातली हिरव्या टोकाची वायर काढा. लॅनची नाही. टोकात डोकावू नका, धूळ लागू देऊ नका. दोन मिनिटं थांबून एक फोन मोबाइलला लावा, एक नागपुरातल्या लँडलाइनला, एक मुंबईला, आणि बाहेरून कुणाला तरी तुमच्या नंबरवर करायला सांगा. १०८ मात्र चाचणीसाठी फिरवू नका. १०८ ला ० लागत नाही ना, हे बसवणाऱ्याला शेजारी बसवून स्क्रीनवर वाचून घ्या.