क्यूआरपी (हॅम रेडिओच्या, साधारण 5 वॅटपर्यंतच्या) ट्रान्समीटरची पॉवर साध्या मल्टिमीटरने मोजता येते का?

येते. पण एसी रेंजवर नको. ती 50 हर्ट्झच्या घरगुती विजेसाठी आहे, 7 मेगाहर्ट्झवर काहीही आकडा दाखवते.

आधी डमी लोड (ट्रान्समीटरला अँटेनाऐवजी जोडायचा रेझिस्टर) करा: 1 किलोओहम, अर्धा वॅटचे 20 कार्बन किंवा मेटल फिल्म रेझिस्टर पॅरलल, म्हणजे 50 ओहम, 10 वॅट. सांगली-मिरजेत दुकानदार वायरवाउंड रेझिस्टर पुढे करेल, तो घेऊ नका. आत चक्क कॉइल असते, त्यामुळे रेडिओ फ्रिक्वेन्सीवर तो नुसता रेझिस्टर राहत नाही. सोल्डरिंगनंतर मोजा, मीटरच्या वायरींचा रेझिस्टन्स वजा करून. 52.6 आले तर एक रेझिस्टर जोडलाच गेलेला नाही.

लोडच्या सिग्नलच्या (ग्राउंड नसलेल्या) टोकाला 1एन4148 डायोडचा अॅनोड जोडा. कॅथोडपासून ग्राउंडला 0.01 मायक्रोफॅरड, 100 व्होल्टचा सिरॅमिक कपॅसिटर, पाय अगदी आखूड. त्याच्यावर मीटर डीसी 200 व्होल्ट रेंजला लावा आणि ट्रान्समीटरची की (सिग्नल सोडायचे बटण) पाच-दहा सेकंदच दाबा.

वाचनात डायोडवर पडणारे 0.6 व्होल्ट मिळवा, वर्ग करा, 100 ने भागा. 21.8 व्होल्ट आले तर 22.4 चा वर्ग सुमारे 502, म्हणजे 5 वॅट. दहा वॅटच्या वर हा डायोड वापरू नका, उलटा व्होल्टेज पीकच्या दुप्पट पडतो.

आकडा नाचत असेल तर मीटरमध्ये आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सीचा सिग्नल) शिरतोय. मीटरच्या पॉझिटिव्ह वायरीत 1 किलोओहम सिरीज टाका. आणि लोडच्या आधी लो-पास फिल्टर हवाच. हार्मोनिक्समुळे (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीच्या नको असलेल्या सिग्नलमुळे) पीक बदलतो आणि पॉवर खोटी दिसते.