सांगलीत १९ हजार पगारात भाडं भरून चौघांचा संसार चालेल का?

चालेल. ओढाताण होईल, पण चालेल. मात्र तुम्ही नुसते भाड्याचे आकडे विचारलेत, आणि भाड्याच्या आकड्यावरून इथं काहीच ठरत नाही.

तुम्ही लिहिलंय ते असं: गाव जतकडचं, कुपवाड एमआयडीसीत काम लागलंय, हातात १९ हजार पडणार. मोठी दुसरीत, धाकटा बालवाडीत. आई-वडील गावाकडंच राहणार. एकानं सांगितलं विश्रामबागेत बघा, दुसऱ्यानं सांगितलं नदीच्या अंगाला तीन हजारात खोली मिळते.

आम्हीही चौघंच, भाड्यानंच राहतो, कुपवाडला. मिस्टर फाउंड्रीत आहेत आणि मी गणपती पेठेत एका भुसार दुकानात हिशेब लिहिते. उधारीची वही माझ्याच हातात असते. कुणाचं घर कुठं अडतं ते त्या वहीत दिसतं, आणि भाड्यावर अडलेली घरं त्यात फार कमी निघतात.

आधी नदीच्या अंगाच्या खोलीचं बोलते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी धरतात. ऑगस्ट २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ च्या जुलैत परत घरात आलं. दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट या भागांत पाणी सगळ्यात आधी शिरतं. तिथली माणसं पावसाळ्यात कोयनेतून किती सोडलं हे जेवणाआधी बघतात. भाडं दीड हजारानं कमी, म्हणजे वर्षाला १८ हजार वाचले असं वाटतं. एकदा सामान हलवायला ट्रॉली लावा, गाद्या फेका, फ्रिज दुरुस्त करा, वर्षाचं भरलेलं धान्य भिजलं ते सोडा, आणि आठ दिवस कामाचा खाडा धरा. ते १८ हजार राहत नाहीत. ज्यांची तिथं स्वतःची घरं आहेत ते जाणार कुठं, त्यांचा नाइलाज आहे. तुमचा नाही. जी खोली बघाल तिथं २०१९ ला पाणी कुठवर होतं हे घरमालकाला विचारू नका, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा.

विश्रामबागेचा विचार तर सोडूनच द्या. विलिंग्डन, वालचंद ही कॉलेजं तिथं, त्यामुळं एका खोलीत तीन-चार पोरं मिळून जे भाडं देतात ते एका पगारावरच्या कुटुंबाला परवडत नाही. घरमालकालाही पोरंच बरी वाटतात.

राहिलं कुपवाड गाव, बामणोली, संजयनगर, अभयनगर, नाहीतर मिरजेचा वरचा भाग. आमच्या बाजूला साधी दोन खोल्यांची जागा, संडास-बाथरूम आत, साडेचार ते साडेपाच हजारांत मिळते. वन आरके त्याहून कमी. माझं मत विचाराल तर पाच हजाराची, कंपनीला सायकलवर जाता येईल अशी जागा ही साडेतीन हजाराच्या लांबच्या जागेपेक्षा स्वस्त. पेट्रोलचे हजार-बाराशे आणि शाळेच्या रिक्षाचे हजार धरा, मग कळेल. मोठीची शाळा चालत जाण्याजोगी असेल तर रिक्षा नाही. हे दोन खर्च ज्या घरामुळं वाचतात ते घर घ्या, मग भाडं थोडं जास्त का असेना.

आता लाईटचं. हे कुणी सांगत नाही म्हणून नीट सांगते. खोली बघायला गेलात की मीटर बघा. तुमच्या खोलीचं महावितरणचं वेगळं मीटर आहे, का मालकाच्या मीटरवर सबमीटर टाकलंय? घरगुती वीज पहिल्या १०० युनिटला स्वस्त असते, १०१ पासून पुढच्या युनिटला दर जवळजवळ दुप्पट होतो. समजा तुमचे ८० युनिट झाले आणि मालकाचे ८०. मीटर वेगवेगळी असतील तर दोघंही स्वस्तातल्या दरात. एकाच मीटरवर मात्र १६० होतात आणि वरच्या ६० युनिटला महाग दर लागतो. मालक ती सगळी झळ भाडेकरूवर टाकतो, "युनिटला बारा रुपये" असा ठोक दर लावून. वेगळं मीटर असलेल्या घराला मी दोनशे रुपये भाडं जास्त देईन. पाण्याचंही तसंच, नळ किती वाजता येतो आणि वरच्या मजल्यावर चढतो का, हे शेजारणीकडून काढून घ्या. वहिनींना सोबत आणा, त्यांना ते बरोबर विचारता येतं.

भाडेकरार. स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केली की झालं असं एजंट सांगेल. तसं नका करू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणं लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० रुपये, मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे तुमच्या भाड्याला दीड-दोनशेच्या आत-बाहेर. एजंटचे वेगळे. मालक कुरकुर करेल, तर खर्च निम्मा-निम्मा करा पण नोंदणी कराच. याचं कारण तुमचा धाकटा. तो बालवाडीत आहे, म्हणजे आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून पहिलीच्या प्रवेशाला अर्ज करता येईल, आणि भाड्यानं राहणाऱ्यांना पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करारच मागतात, तोही अर्ज सुरू व्हायच्या आधीचा. नोटरीचा चालत नाही. खुल्या प्रवर्गाला त्यात वर्षाला एक लाख उत्पन्नाची अट आहे, तुमच्या पगारात ती बसणार नाही. पण ओबीसी, एनटी, एससी असाल तर उत्पन्नाची अट नाही, नुसता जातीचा दाखला लागतो. मोठीला अनुदानित मराठी शाळेत घाला. शाळेची बस, टाय, प्रोजेक्टचे पैसे यात या पगाराचा माणूस बुडतो, आणि शिकतं पोर घरी बसून पाढे म्हणूनच.

तुमच्या १९ हजाराचा हिशेब आमच्या घरावरून मांडते. भाडं ५ हजार. लाईट साडेपाचशे. गॅस सिलिंडर जपून वापरला तर सव्वा महिना जातो, महिन्याला साडेसातशे धरा. दूध १७००. किराणा साडेतीन हजार, त्यात गहू-ज्वारी धरलेली नाही. भाजी-अंडी १६००. शाळेचं किरकोळ १०००. गाडीचं ८००, कंपनी लांब असली तर जास्त. दोन फोनचे रिचार्ज ६००. औषधाला ५००. झाले सोळा हजार. हातात तीन राहतात. गावाकडं दीड हजार पाठवलेत तर दीड हजार उरले. कपडे, चपला, सणवार, पैपाहुणे सगळं त्यातच.

गहू-ज्वारी धरली नाही कारण ती गावाकडूनच आणायची. तुमच्याकडं जतची ज्वारी असेल तर हा सगळ्यात मोठा आधार आहे. मार्च-एप्रिलला वर्षाचं धान्य, शेंगदाणे आणि चटणी घरी आली की किराणा साडेतीन हजारात बसतो, नाहीतर पाचाच्या पुढं जातो. आमच्या वहीत बघा, जी घरं ज्वारी किलो-किलोनं नेतात त्यांचीच उधारी जास्त. भाजीला शनिवारच्या बाजारात संध्याकाळी साताच्या पुढं जा, तेव्हा माल परत न्यायचा नसतो म्हणून भाव पडतो. कांदा-बटाटा दोन घरांनी मिळून पोतं घ्यायचा.

रेशनचं तुम्ही विचारलं नाही तरी सांगते. गावाकडच्या कार्डात तुमची नावं असतील आणि धान्य मिळत असेल तर ते कार्ड तसंच ठेवा. अंगठा लावून सांगलीतल्या दुकानातही धान्य उचलता येतं. शहरात नवीन कार्ड काढून धान्य चालू करायला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९ हजार आहे, तुम्ही त्यात बसत नाही. घाईनं नावं कमी करून आलात तर तिकडचंही गेलं आणि इकडचंही नाही.

कंपनीत पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट विचारा, तुम्ही कंपनीच्या रोलवर आहात का ठेकेदाराच्या. दोन्हीकडं कागदावरचा पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, लागू होतं, तुमच्या पगारातून पाऊण टक्का जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. त्यात बायको-मुलंच नाही, तुमच्यावर अवलंबून असलेले आई-वडीलही येतात. पण त्यांची नावं आणि आधार नोंदवलेले पाहिजेत, ते आपणच मागं लागून करून घ्यायचं. पीएफ कापतात तो भरतात का, हे उमंग ॲपवर पासबुक उघडून तीन महिन्यांनी बघा. स्लिपवर कापलेलं दिसतं आणि पासबुक कोरं, असं ठेकेदारीत बघितलंय.

ओव्हरटाइम पगारात धरू नका. ऑर्डर कमी झाली की तो पहिला बंद होतो. वहिनींना लाडकी बहीणचे दीड हजार येत असतील तर तेही संसारात धरू नका, त्यांच्याच नावानं पोस्टातल्या बचत खात्यात वेगळे ठेवा. सहा महिन्यांत डिपॉझिटचे पैसे जवळजवळ उभे राहतात, आणि घर बदलायची वेळ आली की कुणाच्या दारात जावं लागत नाही.

वहिनींच्या कामाचं. धाकटा शाळेत जाऊ लागला की बेदाणा निवडायचं काम इकडं मिळतं, हंगामात शेडवर बायका लागतातच. रोजंदारी फार नसते आणि उभं राहून, वाकून कंबर जाते. शिलाई येत असेल तर घरी बसून फॉल-पिको, ब्लाऊज बरं. पण पहिले सहा महिने त्यांच्या कमाईवर घराचं गणित मांडू नका. नवीन गावात पोरं आजारी पडतात, तेव्हा खाडा त्यांचाच होतो.

आता ज्यावर घरं खरोखर अडतात ते. गल्लीत राहायला गेलात की महिन्याभरात एखादी बाई येईल, "दहाजणींचा गट करतोय, कागदपत्रं काही नको, आधार द्या, चाळीस हजार मिळतील." हप्ता आठवड्याचा. वर्षात कर्ज देणारी दुसरी कंपनी येते, पहिलीचा हप्ता दुसरीच्या पैशातून जातो. रिझर्व्ह बँकेनं २०२२ पासून नियम केलाय की अशा घरांच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. पण तुमचे निम्मे म्हणजे साडेनऊ हजार. वरचा हिशेब बघा, त्यात साडेनऊ हजार कुठून काढणार? नियमात बसतं म्हणून घरात बसेल असं नाही.

आणि हे कर्ज लोक भाड्यासाठी काढत नाहीत. काढतात ते गावाकडच्या लग्नाच्या आहेराला, यात्रेच्या जेवणाला, वास्तुशांतीला. सांगलीला नोकरीला आहे म्हटलं की गावात तुमची पत वाढलेली असते, आणि ती पत सांभाळायला वर्षाला पंधरा-वीस हजार सहज जातात. चुलत्याच्या पोराच्या लग्नात साडी द्यायची का पाकीट, हे दोघांनी मिळून आधीच ठरवून ठेवा. आमच्याकडं दिवाळीचा बोनस आला की त्यातले पाच हजार या खात्याला काढून ठेवतो, ते संपले की मग नुसतं जेवायला जायचं. चार जण बोलतात. बोलू द्यावं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं कधीकधी मी एकटीच मुलांना घेऊन जाते, ते दोघांनी जाण्यापेक्षा परवडतं आणि घरच्यांनाही चालतं.

भिशी लावा, पण ओळखीच्या बायकांची, महिन्याला पाचशेची. हजाराची नको.

एकदम सगळ्यांना घेऊन येऊ नका. दोन महिने एकटे कॉट बेसिसवर, म्हणजे नुसत्या एका कॉटचं भाडं देऊन, राहा, पहिला पगार स्लिपसकट हातात येऊ दे, कंपनी टिकते का बघा, तोवर सुट्टीच्या दिवशी कुपवाड-बामणोली फिरून घरं बघा. मोठीचं वर्ष एप्रिलपर्यंत गावातच पुरं होऊ दे, शाळा सोडल्याचा दाखला मे महिन्यात काढा. आणि मालक दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट मागत असेल तर या भागात ते जास्त आहे, सरळ पुढचं घर बघा.